नफ्यात वाटा, तोट्यात हात वर

नोव्हेंबर २०२५ मध्ये नात्यातली दोन भावंडं माझ्यासमोर कागद पसरून बसली होती. बहीण टेबलापाशी, भाऊ अमेरिकेतून मोबाइलच्या पडद्यावर. त्यांच्या वडिलांनी २०११-१२ मध्ये २० लाखांना एक फ्लॅट घेतला होता. वडील २०१९ मध्ये गेले, फ्लॅट दोघांच्या नावावर झाला आणि दिवाळीच्या आधी तो ३८ लाखांना विकला गेला. वाटा निम्मा-निम्मा. माझी नोकरी हिशेब खात्यातली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ओळखीपाळखीची माणसं अजून रिटर्नसाठी माझ्याकडेच येतात. मी दोघांचे आकडे मांडले. बहिणीचा भांडवली नफ्यावरचा, म्हणजे घर, सोनं, शेअर असं काही विकून होणाऱ्या नफ्यावरचा कर शून्य निघाला, भावाचा १ लाख १७ हजार.

“काका, घर एकच. विकलं एकाच दिवशी. पैसेही दोघांना सारखेच मिळाले. मग मला काही नाही आणि दादाला लाखाच्या वर, असं कसं?” बहिणीने विचारलं. दादा पलीकडून काहीच बोलला नाही.

कारण असं. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी दीर्घकालीन भांडवली नफ्यावर सरसकट १२.५ टक्के कर आणला आणि त्याच दिवसापासून इंडेक्सेशन काढून टाकलं. इंडेक्सेशन म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून घ्यायची आणि विक्रीच्या रकमेतून ती वाढीव किंमत वजा करायची. आधी घर, जमीन, सोनं यांच्या नफ्यावर २० टक्के कर होता, पण हा नफा महागाई वजा जाऊन मोजला जायचा. घरमालकांनी ओरड केली, तेव्हा ऑगस्टमध्ये संसदेत दुरुस्ती झाली: २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर किंवा जमीन असेल, तर दोन्ही पद्धतींनी हिशेब करा आणि जो कर कमी येईल तो भरा. मात्र ही मुभा भारतात निवासी असलेल्या व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांनाच आहे. भाऊ अनिवासी, म्हणून त्याला ती नाही.

आता दोघांचा हिशेब बघा. प्रत्येकाच्या वाट्याची मूळ किंमत १० लाख. सरकारचाच महागाई निर्देशांक २०११-१२ मध्ये १८४ होता आणि २०२५-२६ मध्ये तो ३७६ आहे. म्हणजे वडिलांनी घातलेल्या त्या १० लाखांची आजची किंमत २० लाख ४३ हजार. (वारसाहक्काने आलेल्या मालमत्तेला वडिलांच्या खरेदीच्या वर्षापासूनचा निर्देशांक लावायचा, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.) विकून हातात आले १९ लाख. बहिणीच्या बाबतीत कायदा म्हणतो की हिला नफाच झालेला नाही. भावाच्या बाबतीत तोच कायदा म्हणतो की याला ९ लाखांचा नफा झाला. त्यावर साडेबारा टक्के आणि वर चार टक्के उपकर.

दोघांपैकी खरं उत्तर बहिणीचं आहे. चौदा वर्षांत त्या घराची किंमत वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास वाढली, महागाईइतकीसुद्धा नाही. वडिलांनी जेवढ्या मोलाचे पैसे घातले होते, तेवढ्या मोलाचे मुलांना परत मिळाले नाहीत. शिवाय हा निर्देशांक ठरवताना ग्राहक किंमतींमधली वाढ पूर्ण धरत नाहीत, तिचा पाऊण हिस्साच धरतात. म्हणजे खरा तोटा निर्देशांक दाखवतो त्याहून मोठा. त्या तोट्यावर भावाने १ लाख १७ हजार भरायचे.

बहिणीचंही पूर्ण समाधान होण्यासारखं नाही. तिच्या वाट्याला निर्देशांकाप्रमाणे १ लाख ४३ हजारांचा तोटा येतो. जुन्या कायद्यात तो पुढे नेऊन दुसऱ्या दीर्घकालीन नफ्यातून वजा करता आला असता. ऑगस्टच्या दुरुस्तीने तिचा कर शून्यावर आणून ठेवला, पण तो तोटा तोटा म्हणून मान्य केला नाही. तिला सुटका मिळाली, हिशेब मिळाला नाही.

मला जे म्हणायचंय ते इथूनच सुरू होतं. सरकार आपल्या गुंतवणुकीत भागीदार होतं, याला माझी मुळीच हरकत नाही. नफा झाला तर त्यातला वाटा देशाला द्यावा, हे मी नोकरीभर मानत आलो. पण भागीदाराने नफा खरा मोजला पाहिजे आणि तोटा आला की हात वर करता कामा नयेत. आपला भांडवली नफ्यावरचा कर या दोन्ही ठिकाणी कमी पडतो, आणि गेल्या काही वर्षांत तो सुधारण्याऐवजी जास्त कमी पडायला लागलाय.

हा कर आपल्याकडे पहिल्यांदा १९४७ मध्ये आला, लियाकत अली खान यांच्या अर्थसंकल्पात, आणि लवकरच गुंडाळला गेला. निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञांच्या अहवालानंतर तो १९५६ मध्ये परत आला आणि टिकला. पण भाववाढीचं काय करायचं हा प्रश्न पुढची पस्तीस वर्षं नीट सुटला नव्हता. १९९२ मध्ये, मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना, चेल्लय्या समितीच्या शिफारशीवरून इंडेक्सेशन आलं. त्यामागचा विचार साधा होता: दहा रुपयांची वस्तू वीस वर्षांनी चाळीसला गेली आणि बाकी सगळ्याच वस्तू चौपट झाल्या, तर मालक श्रीमंत झालेला नाही. हा विचार २०२४ मध्ये चुकीचा ठरला असं कोणी सिद्ध केलेलं नाही. तो बाजूला ठेवला गेला, एवढंच.

सरकारची बाजू मी ऐकली आहे आणि ती पोकळ नाही. दर २० वरून १२.५ वर आणलाय, हिशेब सोपा झाला, वेगवेगळ्या मालमत्तांचे वेगवेगळे दर गेले. आयकर खात्याने तेव्हा असंही सांगितलं की स्थावर मालमत्तेवरचा परतावा साधारण १२ ते १६ टक्के असतो आणि महागाई चार-पाच टक्के, म्हणून बहुतेकांचा नव्या पद्धतीत फायदाच आहे. ज्यांच्या घराने खरोखर बारा टक्के दिले, त्यांच्यासाठी हे बरोबरच आहे. पण याच फ्लॅटचं उदाहरण पुढे नेऊन बघितलं की गोम कळते. २०११-१२ मध्ये २० लाखांना घेतलेलं घर २०२५-२६ मध्ये सुमारे ७५ लाख ६५ हजारांच्या वर विकलं गेलं, तरच नवी पद्धत स्वस्त पडते. त्याच्या खाली जुनी स्वस्त. म्हणजे दरसाल दहा टक्के चक्रवाढीने जे घर वाढलं, त्याच्या मालकाला सवलत आणि जे त्याहून हळू वाढलं, त्याच्या मालकाला भुर्दंड. ज्याची कमाई जास्त त्याला सूट आणि ज्याची कमी त्याच्याकडून वसुली, असा कर मला उलटा वाटतो. आणि २३ जुलै २०२४ नंतर जे घर घेतील त्यांना तर निवडच नाही. दहा-पंधरा वर्षांनी ती घरं विकायला निघतील तेव्हा या भावासारखे लोक प्रत्येक सोसायटीत असतील आणि ते इथलेच रहिवासी असतील.

सोन्याला तर आजही निवड नाही. आईने मुलीच्या लग्नासाठी वीस वर्षांपूर्वी घेतलेलं वळं आज मोडलं, तर सगळ्या वाढीवर साडेबारा टक्के. सोन्याचे भाव इतके वर गेलेत की सध्या कोणाला ते बोचत नाही. भाव दहा वर्षं जागचे हलले नाहीत की बोचेल.

सगळ्यात जास्त मार मात्र खातो तो ज्याने धोका घेतलाच नाही असा माणूस. बँकेत १० लाखांची एफडी, व्याज सात टक्के, वर्षाचे ७० हजार. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याचे त्यातून उपकरासह २१ हजार ८४० जातात, हातात उरतात ४८ हजार १६०. महागाई पाच टक्के धरली तर त्या १० लाखांची खरेदीची ताकद वर्षभरात ५० हजारांनी कमी झाली. म्हणजे सरकारने त्याच्या उत्पन्नावर कर घेतला आणि तो आधीपेक्षा गरीब झाला. यातून थोडी वाट डेट म्युच्युअल फंडांनी, म्हणजे शेअरऐवजी कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडांनी, दिली होती: तीन वर्षं थांबा, महागाई वजा करा आणि मग २० टक्के भरा. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांची ती वाट बंद झाली. आता पंधरा वर्षं ठेवले तरी नफा अल्पकालीनच समजतात आणि तो उत्पन्नात मिळवून टप्प्यानुसार कर लावतात. एफडी आणि डेट फंड एका पातळीवर आणायचे होते, असा युक्तिवाद झाला. पातळी एक करायचीच होती तर एफडीला महागाईची वजावट देऊनही ती करता आली असती.

आता तोट्याकडे येतो. माझ्या मते खरा अन्याय इथे आहे आणि त्याबद्दल बोलणारे फार थोडे.

समजा एकाच वर्षात तुम्ही दोन कंपन्यांचे शेअर विकले. एक दहा महिने ठेवला होता, त्यात २ लाख मिळाले. दुसरा चौदा महिने ठेवला होता, त्यात २ लाख गेले. घरात आलेली रक्कम शून्य. तरीही तुम्हाला उपकरासह ४१ हजार ६०० रुपये कर भरायचाय. कारण वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरचा तोटा दीर्घकालीन, आणि दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो, अल्पकालीन नफ्यातून नाही. उलटं मात्र चालतं: अल्पकालीन तोटा दोन्हींतून वजा करता येतो. तुमचे महिने उलटे असते, म्हणजे तोट्याचा शेअर दहा महिन्यांत आणि फायद्याचा चौदा महिन्यांत विकला असता, तर एक रुपयाही कर लागला नसता. जो तोटा सोसत जास्त दिवस थांबला, त्याचाच तोटा कायद्याने कमी मोलाचा ठरवला.

याच्या शेजारी फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावर लावलेले सौदे, ठेवून बघा. तो व्यवहार कायद्याच्या नजरेत व्यवसाय आहे. त्यातला तोटा त्याच वर्षीच्या पगाराशिवाय जवळपास इतर सगळ्या उत्पन्नातून वजा करता येतो: घरभाडं, एफडीचं व्याज, इतकंच काय, भांडवली नफासुद्धा. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात दिसलं होतं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि तो सगळा मिळून १.८ लाख कोटींच्या वर गेला. ज्या खेळापासून लोकांना दूर ठेवायला सरकार आणि सेबी दोघंही धडपडतायत, त्यातला तोटा व्याजातून वजा होतो. आणि ज्याने एका कंपनीवर विश्वास ठेवून चार वर्षं शेअर सांभाळला, त्याचा तोटा शेजारच्या अल्पकालीन नफ्यातूनही वजा होत नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी जुने आहेत, पण एकत्र वाचले की ते धीर धरणाऱ्याच्या विरोधात जातात. पन्नास वर्षांपूर्वी शेअर बाजार मूठभरांचा होता, तेव्हा हे चालून गेलं असेल. आता एसआयपीतून महिन्याला २५ हजार कोटींच्या वर पैसे येतात आणि त्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, एसटीचे वाहक आहेत.

तोटा पुढे न्यायला आठ वर्षं मिळतात, हे खरं. पण त्यालाही एक अट आहे आणि ती किती कठोर आहे हे मी आमच्याच इमारतीत पाहिलंय. २०२४ च्या जुलैत एका तरुणाला डेंग्यू झाला. पहिल्यांदाच शेअर घेतले होते त्याने, आदल्या वर्षात १ लाख ८० हजारांचा तोटा सोसून विकून टाकले होते. ३१ जुलै उलटली तेव्हा तो सलाइनवर होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अशक्त हातांनी फाइल घेऊन आला. उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, त्याला पाच हजारांचं शुल्क आहे, ते त्याने भरलं. तोटा मात्र गेला. मुदतीत रिटर्न भरलं नाही तर भांडवली तोटा पुढे नेता येत नाही. “वरच्या अधिकाऱ्यांकडे विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो,” असं मी म्हटलं, पण त्याने मान हलवली. अजून नीट जेवत नव्हता तो, अर्ज कुठून करणार. त्याला नफा झाला असता आणि तो उशिरा आला असता, तर सरकारने व्याज लावून कर घेतलाच असता. नफ्यावरचा हक्क एका तारखेने बुडत नाही, तोट्यावरचा बुडतो.

आणि जो शेअर विकताच येत नाही त्याच्या तोट्याचं काय? दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली, तेव्हापासून कितीतरी कंपन्यांच्या फेररचनेत जुन्या भागधारकांचे शेअर शून्य किंमतीला रद्द झाले. डीएचएफएल या घरकर्ज देणाऱ्या कंपनीच्या छोट्या भागधारकांचं २०२१ मध्ये हेच झालं. डिमॅट खात्यातून एक ओळ पुसली गेली. विक्री नाही, खरेदीदार नाही, व्यवहाराची पावती (काँट्रॅक्ट नोट) नाही. मग हा तोटा मांडायचा कसा, हस्तांतरण झालं असं म्हणायचं की नाही, यावर भांडायला वकील लागतो आणि छोट्या माणसाचा तोटा वकिलाच्या फीपेक्षा लहान असतो. एका ओळीचा स्पष्ट नियम हा प्रश्न सोडवू शकेल: न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या योजनेत शेअर रद्द झाला, तर त्या तारखेला तो शून्याला विकला असं समजावं.

आभासी चलनांच्या बाबतीत तर हीच वृत्ती उघडपणे कायद्यात उतरली. २०२२ पासून त्यांच्या नफ्यावर ३० टक्के, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनसुद्धा वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. एकात लाख मिळवले, दुसऱ्यात लाख गमावले, तरी ३० हजार आणि वर उपकर द्यायचा. मला त्या चलनांबद्दल काडीचं प्रेम नाही. माझ्या घरातल्या मुलांना मी त्यापासून लांब राहायला सांगतो. सरकारला ती नको असतील तर बंदी घालावी. पण तोट्याला तोटा न मानण्याची रीत एकदा एका दारातून आत आली की ती तिथेच थांबेल, याची खात्री मला वाटत नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो प्रामाणिक आक्षेप आहे. तोट्याची वजावट सैल केली की लोक खोटे तोटे तयार करतात. कवडीमोलाच्या कंपन्यांचे शेअर ठरवून वर-खाली करून खोटा नफा आणि खोटा तोटा दाखवल्याची प्रकरणं आपल्याकडे झाली आहेत, हे कोण नाकारेल? म्हणूनच मी अमर्याद वजावट मागत नाही. दीर्घ आणि अल्प यांच्यामधली भिंत काढा, कारण ती खोट्याला अडवत नाही, खऱ्यालाच अडवते. आणि वर्षाला एका ठरावीक मर्यादेपर्यंत भांडवली तोटा पगारातून किंवा पेन्शनमधून वजा करू द्या. घरकर्जाच्या व्याजामुळे होणारा घरभाड्याच्या सदरातला तोटा जुन्या करप्रणालीत २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतोच की. अमेरिकेत भांडवली तोटा वर्षाला ३ हजार डॉलरपर्यंत इतर उत्पन्नातून वजा करू देतात. मर्यादा लहान असली की खोटा तोटा बनवण्यात कोणाला रस राहत नाही आणि खऱ्या तोट्याने हादरलेल्या माणसाला आधार मिळतो.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. सवलती दिल्या तर तिजोरी कुठून भरायची? याचं उत्तर मी टाळणार नाही. वरून भरा. पगाराच्या सगळ्यात वरच्या थरावर नव्या करप्रणालीतही अधिभार आणि उपकर धरून आज ३९ टक्क्यांपर्यंत कर बसतो. दीर्घकालीन भांडवली नफा कितीही कोटींचा असला तरी अधिभार १५ टक्क्यांवर थांबतो, आणि सगळं मिळून दर १५ टक्क्यांच्या आतच राहतो. महागाई वजा करून जो खरा नफा उरेल, त्यावर मोठ्या रकमांसाठी २० टक्के घ्या, अगदी २५ घ्या. मी त्याच्या बाजूने उभा राहीन. खऱ्या नफ्यावर जास्त आणि भासणाऱ्या नफ्यावर काहीच नाही, असा कर असावा. आज त्याच्या बरोबर उलट आहे.

घराच्या विक्रीतली सूटच पाहा. घर विकून आलेला दीर्घकालीन नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातला, तर त्यावर कर लागत नाही, आणि २०२३ मध्ये या सवलतीला मर्यादा घातली ती १० कोटींची. म्हणजे ज्याला आठ कोटींचा नफा झाला आणि ज्याने तो सगळा नव्या, अधिक मोठ्या घरात घातला, त्याचा कर शून्य. आता दुसरा माणूस घ्या. वर्षाला ५ लाख पेन्शन. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इक्विटी फंडातली युनिट्स विकली, ३ लाखांचा दीर्घकालीन नफा निघाला. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही, असं त्याने टीव्हीवर ऐकलेलं. प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाख पेन्शन घेणाऱ्याला खरोखरच एक पैसा कर नाही. याचं सगळं मिळून उत्पन्न त्याहून कितीतरी कमी. तरीही याला २२ हजार ७५० रुपये कर, कारण ती सूट भांडवली नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला लागू होत नाही. सव्वा लाख माफ, उरलेल्या पावणेदोन लाखांवर साडेबारा टक्के आणि उपकर. २०२४ च्या जुलैत रिटर्नच्या सॉफ्टवेअरने विशेष दराच्या इतर उत्पन्नालाही ही सूट अचानक नाकारायला सुरुवात केली, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. पुढच्या अर्थसंकल्पात सरकारने कायद्यातच लिहून टाकलं की ती मिळणार नाही. शस्त्रक्रियेसाठी पैसे मोडणारा गुंतवणूकदार आणि मोठ्या घरात जाणारा गुंतवणूकदार यांच्यात सरकारने कोणाची बाजू घेतली, हे यातून दिसतं. विशेष दराच्या उत्पन्नासह एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर ही सूट सगळ्या उत्पन्नाला मिळालीच पाहिजे. आणि ती सव्वा लाखाची माफी? २०१८ मध्ये ती एक लाख होती. निर्देशांक तेव्हा २८०, २०२५-२६ मध्ये ३७६. सरकारच्याच मापाने ती एव्हाना १ लाख ३४ हजारांवर जायला हवी होती. ही रक्कम निर्देशांकाला जोडून टाकली तर दर पाच-सहा वर्षांनी कोणाला मेहेरबानी करावी लागणार नाही.

शेअरच्या करात सरकारने एकदा शब्द दिला होता, हेही विसरून चालणार नाही. २००४ मध्ये चिदंबरम यांनी शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर काढला आणि त्याच्या बदल्यात प्रत्येक खरेदी-विक्रीवर एसटीटी हा व्यवहार कर लावला. २०१८ मध्ये अरुण जेटलींनी तो नफ्यावरचा कर परत आणला. एसटीटी मात्र तसाच राहिला, आणि आज शेअर घरी घेऊन ठेवणारासुद्धा खरेदीला आणि विक्रीला प्रत्येकी ०.१ टक्का भरतो, तोट्यात विकला तरी भरतो. तरी २०१८ ची एक गोष्ट मी मनापासून मान्य करतो. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेली वाढ करातून वगळली गेली. नियम बदलताना जुन्या गुंतवणूकदाराला न्याय देता येतो, हे त्या एका तारखेने दाखवून दिलं. २०२४ मध्ये इंडेक्सेशन काढताना तोच विचार आधी झाला असता, तर ऑगस्टची घाईची दुरुस्ती लागली नसती आणि अनिवासी भावंडं तिच्यातून वगळली गेली नसती.

१९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू, असं ठरलं तेव्हा मला मोठी आशा होती. भाषा सोपी झाली, कलमं कमी झाली, ‘कर वर्ष’ हा सरळ शब्द आला. पण तोट्याची भिंत तशीच उचलून नव्या कायद्यात ठेवली गेली. साठ वर्षांनी कायदा नव्याने लिहायला घेतला होता, हीच ती वेळ होती. ती गेली तरी दर फेब्रुवारीत अर्थसंकल्प येतो, आणि यातली बहुतेक दुरुस्ती एकेका वाक्याची आहे. आपल्या खासदाराला याबद्दल पत्र लिहिणारे किती जण आहेत? मी दोनदा लिहिलंय, अजून लिहीन.

भावाचं प्रकरण अजून संपलेलं नाही. तो अनिवासी असल्यामुळे खरेदीदाराने त्याच्या पूर्ण १९ लाखांवर टीडीएस कापला, २ लाख ४७ हजार. त्यातले १ लाख ३० हजार परत मिळायला त्याला रिटर्न भरून वाट बघावी लागणार आहे. त्या दिवशी मी हे समजावून सांगितल्यावर बहिणीने पेन उचललं आणि माझ्या हिशेबाच्या कागदावर १ लाख १७ हजारांना दोनने भागलं. “दादा, ५८ हजार ५०० मी तुझ्या इथल्या एनआरओ (अनिवासींच्या) खात्यात टाकते. घर दोघांचं होतं.” तो नको नको म्हणत होता. तिने खाते क्रमांक विचारला आणि तो त्याच कागदावर खाली लिहून घेतला.